दाईपासून दवाखान्यापर्यंत : बाळंतपणाच्या इतिहासाचा एक मागोवा

दीपनगरहून तापीच्या उगमाच्या दिशेने निघाले की रेल्वेने तासाभराच्या अंतरावर बुऱ्हाणपूर लागते. आज हे शहर मध्य प्रदेशात असले तरी फारुकी सुलतानांच्या काळी तीच खानदेशची राजधानी होती, आणि पुढे मोगलांचेही ते दक्षिणेतील प्रमुख ठाणे होते. याच शहरात १७ जून १६३१ रोजी बादशहा शहाजहानची बेगम मुमताज महल हिचे बाळंतपणात निधन झाले. ते तिचे चौदावे बाळंतपण होते. जन्मलेली मुलगी गौहर आरा जगली. आई मात्र गेली. तिच्या चौदा मुलांपैकी सात लहानपणीच दगावली होती. तापीपलीकडील जैनाबादच्या बागेत तिला प्रथम दफन करण्यात आले आणि काही महिन्यांनी तिचा देह आग्र्याला नेण्यात आला. पुढे तिच्या कबरीवर जी इमारत उभी राहिली ती पाहायला सारे जग येते.

ताजमहाल पाहून लोक शहाजहानच्या प्रेमाची वाखाणणी करतात. परंतु ही इमारत बाळंतपणात दगावलेल्या एका आईची कबर आहे, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. त्या काळी हिंदुस्थानच्या बादशहाजवळ कशाची कमतरता होती? नामवंत हकीम होते, अनुभवी दाया होत्या, सेवेला शेकडो दासी होत्या. तरीही बेगम वाचली नाही. तिच्या मृत्यूचे कारण प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. आज आपल्या तालुक्यातील एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मजुराची बायको बाळंत होते, तेव्हा बाळ बाहेर येताच नर्सबाई तिच्या मांडीत ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन देते. त्याने गर्भाशय आकुंचन पावते आणि रक्तस्रावाचा धोका पुष्कळ कमी होतो. बादशहाला आपल्या बेगमेसाठी जे मिळवता आले नाही, ते आज मजुराच्या घरी फुकट पोहोचते. हे अंतर माणसाने कसे कापले आणि त्यात कोणाकोणाचा वाटा आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांना व त्यांच्या आईवडिलांना माहीत असावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

दाई कोण होती?

मराठी घरांत तिला सुईण म्हणत, आपल्या मोहल्ल्यांत दाई म्हणत. बहुधा ती उतारवयाची, स्वतः अनेक मुलांची आई झालेली, पुष्कळदा विधवा अशी बाई असे. आईकडून किंवा सासूकडून तिने हे काम उचललेले असे. पुस्तक तिने पाहिलेले नसे. तिची सारी विद्या बोटांत होती. पोटावर तेलाचा हात फिरवून मूल आडवे आहे की डोके खाली आहे हे ती सांगे. कळा खोट्या की खऱ्या हे ती बाईच्या चेहऱ्यावरून ओळखे. बाळंतिणीला ती चालायला लावी, उकिडवी बसवी, दोराला किंवा खांबाला धरून जोर करायला सांगे, आणि रात्र कितीही लांबली तरी तिला सोडून जात नसे.

मूल झाले म्हणजे तिचे काम संपत नसे. नाळ कापणे, वार पुरणे, बाळाला न्हाऊ घालणे, बाळंतिणीचे अंग चोळणे, बाजेखाली शेगडी ठेवून शेक देणे, ओव्याची धुरी करणे, हे सर्व तिच्याकडेच असे. आपल्या घरांत बाळाच्या कानात अजान दिली जाई, सातव्या दिवशी अकीका होई, चाळीस दिवसांचा चिल्ला पाळला जाई. हिंदू घरांत पाचवी-सहावीची पूजा व बारसे होई. विधी वेगळे, पण हात मात्र अनेकदा एकाच बाईचे असत. एकाच दाईने पेठेतील आणि मोहल्ल्यातील मुले जगात आणली, अशी उदाहरणे खेडोपाडी होती. त्या मुलांना धर्म शिकवला गेला तो नंतर. त्यांना पहिला स्पर्श झाला तो या बाईच्या हाताचा.

इतके असूनही समाजाने तिला मान दिला नाही. नाळ कापणे आणि रक्ताचे कपडे धुणे ही कामे विटाळाची मानली गेल्यामुळे ती बहुतेक ठिकाणी गरीब आणि खालच्या मानलेल्या जातींतील बायांच्या माथी आली. मोबदला म्हणून एखादे लुगडे, पायलीभर धान्य, गूळ-खोबरे मिळे. मुलगा झाला तर जास्त, मुलगी झाली तर कमी, असाही रिवाज पुष्कळ घरांत होता. ज्या हातांवर आपण आईचा जीव सोपवत होतो, ते हात शिकलेले असावेत असे कोणाला वाटले नाही. सारे दुखणे येथूनच सुरू झाले.

जुन्या ग्रंथांत या विद्येची थोरवी नव्हती असे मात्र नाही. सुश्रुतसंहितेत प्रसूतीच्या वेळी जवळ असणाऱ्या चार अनुभवी स्त्रियांनी नखे कापलेली असावीत असे सांगितले आहे. कुर्तुब्याचे प्रसिद्ध शल्यविशारद अबुल कासिम अज्-जहरावी (निधन सुमारे १०१३) यांनी आपल्या ‘किताबुत्-तस्रीफ’ या ग्रंथात अडलेल्या बाळंतपणात दाईने काय करावे याचे धडे दिले. इतिहासकार इब्न खल्दून यांनी चौदाव्या शतकात लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’ मध्ये दाईच्या हुन्नरावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि मानवी वस्तीला आवश्यक अशा कलांत त्याची गणना केली. ग्रंथ होते, विचारही होता. पण जिला त्याची सर्वांत जास्त गरज होती तिला वाचता येत नव्हते. विद्या एका घरात आणि काम दुसऱ्या घरात, अशी ही ताटातूट शतकानुशतके चालली.

मृत्यू कोठून येत असे?

बहुतेक बाळंतपणे निसर्गतःच सुखरूप होतात, आणि तशी ती दाईच्या हातूनही होत. अडचण होती ती उरलेल्यांची. मूल आडवे आले, कंबर अरुंद असली, वार अडकली, रक्त थांबेना झाले किंवा झटके आले, म्हणजे दाईचा अनुभव अपुरा पडे. मग पोटावर जोर दिला जाई, नाळेला धरून वार ओढली जाई, आणि कित्येकदा त्यानेच घात होई.

दुसरा शत्रू अधिक कपटी होता, कारण तो डोळ्यांना दिसत नसे. नाळ विळ्याने, कोयत्याने किंवा जुन्या पात्याने कापली जाई. कापलेल्या जागी कोठे राख, कोठे शेण, कोठे चुलीतली माती लावत. माती-शेणात धनुर्वाताचे जंतू असतात. ते नाळेवाटे बाळाच्या अंगात शिरत आणि आठवड्याच्या आसपास बाळाचे दूध तुटे, जबडा आवळला जाई, अंग धनुष्यासारखे ताठ होई. हे नेमके पाचवी, छठी किंवा अकीक्याचे दिवस. लोक म्हणत, सटवाईने नेले, कोणाची नजर लागली, वरचे काही झाले. खरे कारण त्या विळ्याच्या पात्यावर होते. बाळंतिणीला येणारा ताप, ज्याला सूतिकाज्वर म्हणतात, तोही असाच न धुतलेल्या हातांतून आणि मळक्या चिंध्यांतून येई. बाळंतिणीला मुद्दाम अंधाऱ्या, कोंदट खोलीत आणि जुन्या कपड्यांवर ठेवण्याची चाल होती. विटाळाच्या कल्पनेपायी चांगले, धुतलेले कपडे कोणी वापरू देत नसे.

व्हिएन्नाचा धडा

हे वाचून कोणी म्हणेल की दाई अडाणी म्हणून माता मरत होत्या आणि डॉक्टर आले म्हणून त्या वाचल्या. इतिहास इतका सरळ नाही. युरोपमधील एका नामांकित रुग्णालयाची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी.

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील मोठ्या रुग्णालयात १८४०च्या दशकात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर व वैद्यकीय विद्यार्थी काम करीत. दुसऱ्यात सुईणी शिकत. डॉक्टरांच्या विभागात शंभरातील सुमारे १० बाळंतिणी मरत, सुईणींच्या विभागात सुमारे ४. गोरगरीब बायका पहिल्या विभागात जावे लागू नये म्हणून गयावया करीत. इग्नाझ झेमेलवाइस या तरुण डॉक्टरने याचा छडा लावला. डॉक्टर सकाळी प्रेतांची चिरफाड करीत आणि त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत. सुईणी प्रेतांना शिवत नसत. १८४७ मध्ये त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुतल्याशिवाय कोणी बाळंतिणीला हात लावू नये असा दंडक घातला. पुढच्याच वर्षी मृत्यूचे प्रमाण शंभरात एक-दीडपर्यंत खाली आले.

आणि या शोधाचे स्वागत कसे झाले? थोर थोर डॉक्टर रागावले. आपल्या हातांनी मृत्यू पसरतो हे त्यांना मानवेना. झेमेलवाइस १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात मरण पावले. पुढे लुई पाश्चर व जोसेफ लिस्टर यांच्या कार्याने जंतूंचे शास्त्र सिद्ध झाले, तेव्हा कोठे जगाला त्यांचे म्हणणे पटले. तात्पर्य हे की अहंकार पदवीधरालाही सुटत नाही, आणि घाणेरडा हात कोणाचाही असो, तो घातकच असतो. दाईचे दुर्दैव एवढेच की स्वच्छतेचे हे ज्ञान तिच्यापर्यंत सर्वांत शेवटी पोहोचले.

पडद्याआड ज्ञान कसे गेले?

आपल्या देशात आणखी एक भिंत होती. परपुरुषाने, मग तो डॉक्टर का असेना, बाळंतिणीला तपासावे हे हिंदू वा मुसलमान, कोणत्याच घराला मान्य नव्हते. मुंबईला १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, पण त्यातून बाहेर पडणारे पुरुष डॉक्टर बाळंतखोलीच्या उंबरठ्यावरच अडत. ही भिंत ओलांडायची तर स्त्री डॉक्टर हवी होती.

कल्याणला १८६५ मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी हे आपल्या दुःखातून ओळखले. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना झालेले मूल अवघ्या दहा दिवसांत गेले. त्यानंतर त्या शिकल्या, समुद्र ओलांडून अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हाच होता. परत आल्यावर थोड्याच महिन्यांत, फेब्रुवारी १८८७ मध्ये, क्षयाने त्यांचे निधन झाले. बालविवाहाविरुद्ध न्यायालयात झुंज देणाऱ्या रखमाबाई पुढे लंडनला शिकून डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरत व राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत आयुष्य वेचले.

मुंबईत पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालवायचे कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. त्यासाठी इंग्लंडहून आलेल्या डॉ. एडिथ पेची या वैद्यकीय शिक्षणाचा हक्क मिळावा म्हणून एडिंबरोला लढलेल्या सात स्त्रियांपैकी एक होत्या. याच कार्याला जोडून जाफर सुलेमान यांच्या नावाने स्त्रिया व मुलांसाठी एक दवाखाना मुंबईत उभा राहिला. एका पारशी व एका मुसलमान दात्याचे धन आणि एका इंग्रज बाईची विद्या यांतून कोणत्याही जातीधर्माच्या आईसाठी दार उघडले गेले, ही गोष्ट आमच्या धनिकांनीही लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे याच कामा रुग्णालयाची धुरा डॉ. जेरुशा झिराड या बेने इस्रायली समाजातील भारतीय स्त्री डॉक्टरने अनेक वर्षे समर्थपणे वाहिली.

सरकारी पातळीवर १८८५ मध्ये लेडी डफरिन यांचा फंड निघाला व ठिकठिकाणी जनाना दवाखाने झाले. परंतु शहरातल्या चार दवाखान्यांनी लाखो खेड्यांचे काय होणार? म्हणून १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया स्मारक निधीतून दायांना शिकवण्याचे वर्ग सुरू झाले. दाईला हाकलून देता येत नाही, तिला शिकवलेच पाहिजे, हे त्या वेळी प्रथमच मोठ्या प्रमाणावर मान्य झाले.

या कामात मुसलमान समाज मागे नव्हता. भुसावळहून इटारसीच्या मार्गाने पुढे गेले की जे भोपाळ लागते, तेथे १९०१ ते १९२६ या काळात नवाब सुलतान जहाँ बेगम राज्य करीत होत्या. त्यांनी आरोग्य, शुश्रूषा व बालसंगोपन यांवर उर्दूत पुस्तके लिहिली आणि संस्थानातील दायांना शास्त्रीय शिक्षण मिळावे म्हणून खटपट केली. याच बेगमसाहेबा १९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या. दिल्लीत हकीम अजमल खान यांनी १९०९ मध्ये स्त्रियांसाठी तिब्बी शाळा काढली, तिचा एक उद्देश दायांना शिकवणे हाच होता. अलीगढला मुलींच्या शिक्षणाचा पाया घालणारे शेख अब्दुल्ला यांची कन्या रशीद जहाँ दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजातून १९२९ मध्ये डॉक्टर झाल्या. स्त्रीरोग हेच त्यांचे क्षेत्र होते, आणि उर्दू साहित्यातही त्यांनी स्त्रियांच्या दुखण्यांना वाचा फोडली. एका बापाने मुलींची शाळा काढली, म्हणून त्याच्या घरातून डॉक्टर निघाली.

गिरणीपासून आरोग्य केंद्रापर्यंत

खानदेशात जळगाव, धुळे व अमळनेर येथे कापडगिरण्या निघाल्या आणि त्यांत बायाही कामाला लागल्या. बाळंतपणासाठी रजा घेतली तर मजुरी बुडे, म्हणून बाया शेवटच्या दिवसापर्यंत उभ्या राहत. मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये प्रसूती लाभाचा कायदा झाला. कामगार स्त्रीला बाळंतपणाच्या रजेत आर्थिक लाभ देणारा हा देशातील पहिला कायदा होय. कायदेमंडळात त्याचा कैवार घेणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. माता वाचवायची तर नुसते औषध पुरत नाही, विश्रांती आणि पोटाला अन्नही लागते, हे या कायद्याने मान्य केले.

याच सुमारास नवी औषधे आली. १९३६ च्या सुमारास सल्फा औषधांनी सूतिकाज्वराचा कणा मोडला. पाठोपाठ पेनिसिलिन आले, रक्त देण्याची सोय झाली, सिझेरियन शस्त्रक्रिया सुरक्षित होऊ लागली. पण आपला देश मागेच होता. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये दिलेल्या अहवालात हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २० माता मरतात असा अंदाज दिला, म्हणजे लाखामागे दोन हजार! पुरेशा नर्सेस तयार होईपर्यंत दायांना शिकवून त्यांच्याकडून काम घ्यावे, असेही समितीने सुचवले.

स्वातंत्र्यानंतर १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडू लागली. भुसावळला रेल्वे कामगारांच्या कुटुंबांसाठी रेल्वेचे रुग्णालय होते. १९६०च्या दशकात दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र आले, त्यामागोमाग वसाहत आली, आणि ठरावीक पगार असलेल्या कामगाराची बायको दवाखान्यात बाळंत होऊ लागली. सासूचे बाळंतपण दाईने केलेले आणि सुनेचे डॉक्टरीणबाईने, असा बदल एका पिढीत घडलेली घरे या भागात पुष्कळ आहेत. परंतु वसाहतीचे दिवे जेथे संपत तेथून पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या यावल, रावेर, चोपडा भागातील तडवी बांधवांच्या आणि पावरा-भिल्लांच्या वाड्यांवर, दाईच एकमेव आधार होती.

तिच्यासाठी १९७७ च्या ग्रामीण आरोग्य योजनेत प्रशिक्षणाची व्यवस्था झाली. हजार वस्तीमागे एक शिकलेली दाई असावी, हे उद्दिष्ट होते. तीस दिवसांचे शिक्षण, थोडा भत्ता आणि एक पेटी असे त्याचे स्वरूप होते. तेथे तिला पाच स्वच्छता शिकवत: हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पाते स्वच्छ, नाळ बांधायचा दोरा स्वच्छ आणि नाळ स्वच्छ, म्हणजे तिला काही लावायचे नाही. साबणाची वडी, नवे ब्लेड, उकळलेला दोरा! किती साधी गोष्ट, आणि तिच्यावाचून किती बाळे गेली. याला गरोदर स्त्रियांच्या धनुर्वातविरोधी लसीची जोड मिळाली, आणि २०१५ मध्ये भारत माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताच्या समस्येतून मुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. सटवाईची भीती अखेर साबणाने आणि सुईने घालवली.

शिकलेल्या साध्या बाईच्या हातून काय घडू शकते, याचे दोन दाखले महाराष्ट्राने जगाला दिले. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या, बहुतांशी निरक्षर बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ खेड्यांत गावच्याच थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले आणि दायांनाही सोबत घेतले. अशी सेवा नसलेल्या खेड्यांशी ताडून पाहता नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. मोठी इमारत नसतानाही ज्ञान जीव वाचवते, हे त्यातून सिद्ध झाले.

जमेची बाजू आणि खर्चाची बाजू

रक्तस्राव किंवा अडलेले बाळंतपण मात्र साबणाने थांबत नाही. त्यासाठी औषध, रक्त आणि शस्त्रक्रिया लागते. म्हणून पुढे सरकारचे धोरण बदलले. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, गावोगावी आशाताई आल्या, २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण पूर्णपणे मोफत झाले, २०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये महाराष्ट्रातील निम्म्याहून कमी बाळंतपणे दवाखान्यात होत. २०१९-२१ च्या पाहणीत शंभरातील सुमारे ९५ होत होती. २०१८-२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू देशात ९७, तर महाराष्ट्रात ३३ होते. भोर समितीच्या दोन हजारांशी हा आकडा ताडून पाहावा.

ही जमेची बाजू झाली. खर्चाची बाजूही पाहिली पाहिजे. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व धडगावच्या डोंगरांत अजूनही कळा येणाऱ्या बाईला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागल्याच्या बातम्या येतात. उलट शहरांत शस्त्रक्रियेचा अतिरेक होताना दिसतो. त्याच पाहणीप्रमाणे देशात सरकारी रुग्णालयांतील सुमारे १४ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली, तर खाजगी रुग्णालयांत सुमारे ४७ टक्के! सिझेरियनने असंख्य जीव वाचवले आहेत. गरज असताना त्याला नकार देणे हा आईचा जीव धोक्यात घालणे होय. पण गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारण्याचा हक्क प्रत्येक घराला आहे.

आणखी एक गोष्ट हरवली. दाई रात्रभर बाळंतिणीचा हात धरून बसे. दवाखान्यात त्या बाईला अनोळखी माणसांत एकटे पडावे लागले. अखेर शास्त्रानेच मान्य केले की जवळ ओळखीची बाई असली म्हणजे बाळंतपण अधिक सुखरूप होते, आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली. २०१८ मध्ये नर्सेसना प्रसूतिसेवेचे विशेष शिक्षण देण्याची योजना जाहीर झाली. म्हणजे शिकलेली, सन्मानाचा पगार घेणारी दाई पुन्हा बाळंतखोलीत येत आहे.

आपण काय करावे?

१९९४ मध्ये सेरीन थॅडियस व डेबोरा मेन या दोन संशोधक स्त्रियांनी मातामृत्यूंची कारणे तीन उशिरांत सांगितली. पहिला उशीर घरात होतो, दवाखान्यात न्यायचे की नाही हे ठरवण्यात. दुसरा वाटेत होतो. तिसरा दवाखान्यात उपचार सुरू होण्यात होतो. दुसऱ्या व तिसऱ्या उशिराबद्दल सरकारला जाब विचारावा, तो आपला हक्कच आहे. पण पहिला उशीर सर्वस्वी आपला आहे. कळा आलेल्या बाईचा निर्णय सासरा मशिदीतून येईपर्यंत, नवरा पाळीवरून परतेपर्यंत थांबू नये. तपासणारी डॉक्टर स्त्री नाही म्हणून आईचा जीव पणाला लावू नये. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत नाव नोंदवावे, तपासण्या चुकवू नयेत, रक्त कमी असेल तर गोळ्या घ्याव्यात, गाडीची सोय व रक्तदात्याचे नाव आधीच ठरवून ठेवावे. अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न करू नये. कोवळ्या वयातील बाळंतपण आईला व बाळाला दोघांनाही घातक असते.

आणि पालक बंधु-भगिनींनो, स्त्री डॉक्टर हवी, स्त्री नर्स हवी, असे आपण सर्वजण म्हणतो. ती कोणाच्या घरातून यायची? शेजाऱ्याच्या मुलीने शिकावे आणि आपल्या मुलीचे दहावीनंतर शिक्षण थांबवावे, हा न्याय नव्हे. बारावीनंतर दोन वर्षांचा ए.एन.एम., तीन वर्षांचा जी.एन.एम. व चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग असे अभ्यासक्रम आहेत. धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१८ पासून जळगावलाही झाले आहे. दूर परगावी पाठवण्याची सबब आता उरलेली नाही.

विद्यार्थिनींनो, तुमच्या आजीच्या काळची दाई निरक्षर होती, तरी तिने आपल्या परीने रात्री जागवल्या. तिच्याजवळ धीर होता, माया होती, कसबी हात होते. नव्हते ते शिक्षण. तुमच्यासाठी शिक्षणाची दारे उघडी आहेत. तिचा धीर आणि तिची माया घ्या, आणि त्याला विद्येची जोड द्या. खानदेशातील एकाही आईला बाळंतपणासाठी आपला जीव मोजावा लागू नये, एवढे काम तुमच्या पिढीसाठी शिल्लक आहे.